कौल मिळाला, तरी रेल्वे का अडली?

प्रश्न : कॅनडातील हॅमिल्टन शहराची २०१८ ची महापौर निवडणूक हलक्या रेल्वेभोवती (ट्रामसारख्या शहरी रेल्वेभोवती) फिरली, असे वाचले. समर्थक उमेदवार जिंकूनही काम का अडले?

उत्तर : मॅकमास्टर विद्यापीठापासून ईस्टगेटपर्यंतच्या सुमारे १४ किलोमीटरच्या या मार्गासाठी ऑन्टारियो प्रांताने २०१५ मध्ये एक अब्ज डॉलर देऊ केले होते. विरोधक व्हिटो स्ग्रो यांनी तो रद्द करण्याच्या मुद्द्यावर निवडणूक लढवली, परंतु मतदारांनी समर्थक महापौर फ्रेड आयझेनबर्गर यांनाच पुन्हा निवडून दिले. मात्र तिजोरीच्या किल्ल्या प्रांताकडे होत्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये वाढत्या खर्चाचे कारण देऊन प्रांतानेच प्रकल्प गुंडाळला. तोपर्यंत मार्गावरच्या किंग स्ट्रीटवरील अनेक इमारती प्रकल्पासाठी विकत घेऊन झाल्या होत्या. भाडेकरूंनी घरे सोडली होती आणि दारे-खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या होत्या. मला सर्वांत जास्त खटकते ते हेच, कारण प्रचारात बोलबाला रुळांचा झाला, भाडेकरूंचा नाही. पुढे २०२१ मध्ये केंद्र आणि प्रांत यांनी मिळून ३.४ अब्ज डॉलर जाहीर केल्यावर प्रकल्पाला पुन्हा चालना मिळाली.