एनएसक्यू रिपोर्ट आणि अडकलेली सरकारी बिलं

सरकारी गोदामातून उचललेलं गोळ्यांचं सॅम्पल डिझोल्यूशनमध्ये (गोळीतलं औषध ठरल्या वेळेत पुरेसं विरघळतं का, ती चाचणी) नापास, म्हणजे एनएसक्यू (प्रमाणित दर्जाचं नाही), आणि खरेदी कार्यालयाने पास बॅचचीही बिलं रोखलीत, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि नाशिकजवळ सातपूरच्या आमच्या औषध युनिटचे ते दिवस आठवले. मी वकील नाही, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजा.

फॉर्म १३ (सरकारी विश्लेषकाचा चाचणी अहवाल) कधी मिळाला त्याची आवक नोंद करा, पाकीटही जपा. औषध कायद्याच्या कलम २५ प्रमाणे २८ दिवसांत ‘अहवाल मान्य नाही, विरोधात पुरावा देणार’ असं ड्रग इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं, पोच घेऊन. नाहीतर तो अहवालच निर्णायक पुरावा धरला जातो. चाचणीचा प्रोटोकॉलही नीट वाचा. पहिल्या सहा गोळ्यांचा निकाल कमी आला म्हणून चाचणी संपत नाही. आणखी सहा तपासायच्या, गरज पडली तर अजून बारा. लॅब कुठे थांबली ते बघा. तुमचा कंट्रोल सॅम्पलही (त्याच बॅचचा स्वतःकडे राखून ठेवलेला नमुना) नापास झाला तर मात्र भांडू नका, माल परत बोलवा.

आम्हाला इन्स्पेक्टरने छळलं नाही. छळलं खरेदी कार्यालयाने. गोदाम पत्र्याचं, मे महिना, खोकी भिंतीला टेकवलेली. तापमानाची नोंदवही मागितली तर ‘तो विभाग वेगळा’. माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तर आलं ‘माहिती उपलब्ध नाही’. आमचा कंट्रोल सॅम्पल पास, पण ते पत्र कुणी फाइलला लावायलाही तयार नाही. तोवर कच्च्या मालवाल्यांचे तगादे आणि पगार ओव्हरड्राफ्टमधून. माल त्यांनी भाजायचा आणि काळ्या यादीची धमकी आम्हाला!

बिलांसाठी एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा वापरा. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर तो स्वीकारला असं मानतात, आणि करारात काहीही लिहिलेलं असो, पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नापास बॅच यात घालू नका, फक्त पास बॅचची बिलं घेऊन सुविधा परिषदेकडे (याच कायद्याखाली थकीत बिलांचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) जा. ‘पुढची ऑर्डर मिळणार नाही’ म्हणून लोक घाबरतात; माझ्या मते असली ऑर्डर न मिळालेलीच बरी.

जाता जाता: ओल धरणारी गोळी असेल तर टेंडरमध्ये साधा पीव्हीसी ब्लिस्टर चालत असला तरी अ‍ॅलू-अ‍ॅलूचा (दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचं, ओल न शिरणारं पॅकिंग) दर धरूनच बोली लावा. एल-१ (सर्वांत कमी बोलीचा क्रमांक) हुकला तर हुकला. आणि उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून सरकारी नोंदणी) पुरवठ्याच्या आधीची आहे ना, ते आजच तपासा. नंतरची असेल तर समोरचा वकील पहिली हरकत तीच घेतो.