आमचा पॉमेरियन १० वर्षांचा झाला, त्याला सीनियर फूड सुरू करू का? (जळगाव)

नाही, फक्त वय १० झालं म्हणून बदलू नका. खातोय-पितोय, वजन स्थिर आहे, तर चालू खाणंच राहू द्या. लहान जातीची कुत्री उशिरा म्हातारी होतात. शिवाय पाकिटावरच्या ‘सीनियर’ शब्दामागे ठरलेलं प्रमाण नाही: पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या संस्थेच्या निकषांत वाढीचं वय आणि प्रौढ वय एवढेच गट आहेत, म्हणून प्रत्येक कंपनीचं सीनियर फूड वेगळं असतं. माझे दोन स्पिट्झ (पॉमेरियनसारखीच जात) चौदाव्या वर्षापर्यंत साध्या ॲडल्ट फूडवरच होते. पॉमेरियनच्या केसांत वजन लपतं, त्यामुळे बोटं आत घालून बरगड्या चाचपा. हलक्या हाताने लागल्या तर ठीक; दाबून शोधाव्या लागल्या तर आधी वाटी कमी करा. उलट पाठीचा कणा टोचत असेल, तर कमी कॅलरीचं सीनियर फूड त्याला आणखी वाळवेल. मात्र तो एकाएकी जास्त पाणी प्यायला लागला, तर ‘जळगावचा उन्हाळाच तसा’ म्हणून सोडू नका. रक्त-लघवी तपासा, किडनीचा त्रास निघाला तर डॉक्टर सांगतील तेच खाणं, आणि तेही आठवडाभरात हळूहळू मिसळत. शेवभाजीचा रस्सा भाकरीवर घालून देत असाल तर तो आजच बंद करा, कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त बिघडवतो.