खिडकीच्या चौकटीतले मुंगळे परदेशी आहेत का?

प्रश्न : नागपुरातील महाल भागात आमचे जुने घर आहे. ज्या सागवानी खिडकीत आम्ही दर उन्हाळ्यात कूलर बसवतो, तिच्या चौकटीतून रात्री पिवळसर तपकिरी मुंगळे बाहेर पडतात आणि खाली भुसा साचतो. हवाई बेटांवर सुतार मुंगीची एक परकी जात पसरल्याचे वाचनात आले. तीच जात आमच्याकडे आली असेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण वाचलेल्या मुंगीचा प्रवास आशियातून हवाईकडे झालेला आहे, तिकडून इकडे नव्हे. ‘कॅम्पोनोटस व्हेरिएगेटस’ या नावाची ही जात ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्मिथ यांनी 1858 मध्ये नोंदवली. तिचे मूळ आशियाच्या उष्ण प्रदेशात असूनही तिला ‘हवाईयन’ म्हटले जाते, हे थोडे गमतीचेच. कारण हवाई बेटांवर मुळात मुंग्याच नव्हत्या आणि आज तिथे दिसणाऱ्या पन्नासांहून अधिक जाती माणसाच्या मालवाहतुकीबरोबर पोहोचलेल्या आहेत.

सुतार मुंग्यांना असा प्रवास साधतो, याचे कारण त्यांच्या राणीत आहे. मीलन झालेली राणी पंख गाळून लाकडाच्या एखाद्या फटीत स्वतःला कोंडून घेते आणि काहीही न खाता, अंगातल्या साठ्यावर, पहिली पिल्ले वाढवते. त्यामुळे ओंडक्यातून किंवा खोक्यातून ती समुद्रापार गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मात्र नव्या प्रदेशात अनेक राण्यांची अवाढव्य वसाहत उभारून इतर मुंग्यांना हुसकावणे, हे उपद्रवी परक्या मुंग्यांचे काम या गटाला सहसा जमत नाही, कारण त्यांच्या बहुतेक जातींत वारुळागणिक एकच राणी असते आणि शेजारची वारुळे एकमेकांशी वैर धरतात.

सुतार मुंगी लाकूड खात नाही, घरट्यासाठी ते फक्त पोखरते. हवाईतली ही जात तर आयत्या पोकळीत किंवा वाळवीने आधीच पोखरलेल्या लाकडात राहणे पसंत करते. म्हणून आपल्या चौकटीबाबत माझा पहिला संशय मुंगीवर नसून कूलरवर आहे. पाणी झिरपून मऊ पडलेले लाकूड पोखरायला सोपे जाते. साचलेला भुसा भिंगाखाली पाहा. त्यात लाकडाच्या बारीक तुसांबरोबर कीटकांचे पाय, पंख सापडले तर ते मुंग्यांनी बाहेर टाकलेले आहे. खसखशीसारखे सुटे कण दिसले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी, आणि भिंतीवर मातीच्या नळ्या असल्या तर जमिनीतून आलेली.

फवारणीने बाहेर आलेल्या मुंग्याच मरतात, राणी आत सुखरूप राहते. त्यापेक्षा साखरपाण्यात साधारण एक टक्का बोरिक ॲसिड मिसळून, मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी, मुंग्यांच्या वाटेवर ठेवावे; कामकरी मुंग्या ते घरट्यात नेऊन भरवतात. गळती मात्र आधी थांबवावी आणि कुजलेला भाग सुताराकडून बदलून घ्यावा.

भारतातही निशाचर, फिकट रंगाच्या सुतार मुंग्या अनेक आहेत, त्यामुळे केवळ रंगावरून जात सांगता येणार नाही. एका मोठ्या डोक्याच्या मुंगीसह तीन-चार मुंग्या स्पिरिटच्या लहान बाटलीत घालून, तारीख व जागा लिहून, शहरातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवाव्यात.