टेनिसपटू रोहन बोपण्णा ४३व्या वर्षी जगात पहिला कसा आला? डबल्स सोपं असतं म्हणून का?

'सोपं' वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. माझा मेहुणा वर्षानुवर्षं हेच म्हणतोय.

तो आमच्या क्लबात सिंगल्सचा चॅम्पियन. डबल्स म्हणजे त्याच्या लेखी पेन्शनरांचा टाइमपास. २०११च्या वार्षिक स्पर्धेत एकीकडे तो आणि त्याचा तसलाच दणकट मित्र, दुसरीकडे मी आणि ६१ वर्षांचे एक काका. काकांच्या गुडघ्याला पट्टा. ते नेटपाशी उभे राहायचे आणि पाठीमागे हात नेऊन मला खूण करायचे. मूठ म्हणजे काका जागेवर, पंजा म्हणजे काका आडवे जाणार. मेहुण्याने क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका फटका, हाणला की काका आधीच तिथे, आणि चेंडू मेहुण्याच्या बुटांवर. ६-२, ६-३. रात्री जेवताना साहेब म्हणतात, "काकांचं नशीब जोरात होतं."

असो, बोपण्णा. २०१३ सालीच तो डबल्समध्ये जगात तिसरा होता. तिथून वरच्या दोन पायऱ्या चढायला दहा वर्षं गेली. मध्ये पाच महिने एकही मॅच जिंकला नाही, सोडून द्यायच्या बेतात होता. गुडघ्यातली गादी पार झिजलेली, रोज वेदनाशामक गोळ्या. मग अय्यंगार योग धरला आणि गोळ्या सुटल्या. (अय्यंगार गुरुजी आमच्या पुण्याचे. माझी आई पट्टा आणि लाकडी विटा घेऊन तेच करायची तेव्हा मी हसायचो, तो भाग वेगळा.) जोडीला मॅथ्यू एब्डन मिळाला. याची सर्व्हिस, त्याचे रिटर्न. जानेवारी २०२४मध्ये मेलबर्नला क्वार्टर फायनल जिंकली तेव्हाच पहिला नंबर पक्का झाला, पुढे ऑस्ट्रेलियन ओपनही घेतली. पुरुष डबल्समधली त्याची ती पहिलीच ग्रँड स्लॅम.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो. कोर्ट दोघांत वाटून घेतात, रॅली छोट्या असतात, त्यामुळे पाय जास्त वर्षं टिकतात. सिंगल्समध्ये या वयात हे जमत नाही. बोपण्णा स्वतः सिंगल्सच्या पहिल्या दोनशेत कधी आला नाही. पण म्हणून सोपं? चाळिशीत गुडघे धरून बसला असाल तर आधी एक पक्का पार्टनर शोधा.

ती फायनल मी मेहुण्याकडेच बसून पाहिली. शेवटचा पॉइंट झाला तसा तो उठून आत गेला, पाणी प्यायला म्हणे. काका आता ७५चे आहेत, शनिवारी सकाळी कोर्टवर असतात. मेहुण्याला दोनदा निरोप धाडला. अजून आलेला नाही.