डॉ. मॅकविल्यम: नायजर, बोआ व्हिस्टा आणि थेम्सची दुर्गंधी

जेम्स ऑर्मिस्टन मॅकविल्यम या ब्रिटिश नौदलाच्या सर्जनने पीतज्वराचं कारण शोधलं का, की त्याचं नाव उगाच मोठं झालंय, असा प्रश्न आहे. पीतज्वराचं कारण त्याला सापडलं नाही. ते त्याच्या हयातीत कोणालाच सापडलं नव्हतं. पण ताप म्हणजे घाण हवा हे ज्या काळात बहुतेकांनी गृहीत धरलं होतं, त्या काळात हा माणूस नोंदी तपासत बसला. त्याची खरी किंमत तिथे आहे.

जन्म १८०८, स्कॉटलंडमधलं डॅल्कीथ. १८४१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर नदीवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत तो ‘आल्बर्ट’ या आगबोटीवर मुख्य सर्जन होता. बोटीवर डॉ. रीड यांनी आखलेली वायुवीजनाची यंत्रणा बसवली होती. पंख्याने हवा ओढायची, एका लोखंडी खोक्यातल्या रसायनांवरून न्यायची आणि मग खाली माणसांच्या खोल्यांत सोडायची. शिवाय आफ्रिकेतल्या तापाला पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड वायू कारणीभूत आहे, असं लंडनचे प्रोफेसर डॅनियल छातीठोकपणे सांगत होते. मॅकविल्यमने नदीच्या पाण्याची तपासणी केली. वायू सापडला नाही, ताप मात्र आला. मोहिमेतल्या १४५ गोऱ्यांपैकी १३० जण आजारी पडले आणि चाळीसच्या आसपास मेले. क्विनीन हे मलेरियावरचं औषध बोटीवर होतं, पण दिलं जायचं ते उशिरा आणि जपून. रोज आधीपासून द्यायची पद्धत १८५४ मध्ये बेकीच्या मोहिमेने यशस्वी करून दाखवली.

ऑक्टोबरमध्ये ‘आल्बर्ट’चा कप्तान ट्रॉटर आडवा, इंजिनवालेही आडवे. शेवटी मोहिमेचा भूगर्भशास्त्रज्ञ स्टँगर (तोही डॉक्टरच) वाफेच्या इंजिनावरचं पुस्तक उघडून इंजिनपाशी उभा राहिला आणि मॅकविल्यमने रोग्यांचं पाहता पाहता बोट हाकली. दोन डॉक्टर आणि काही आफ्रिकी खलाशी, एवढ्यांच्या जिवावर ती बोट नदीतून खाली आली. वाटेत बीक्रॉफ्टची ‘इथिओप’ ही बोट मदतीला भेटली. लोक त्याला ओळखतात ते या प्रसंगामुळे.

मला मात्र त्याचं बोआ व्हिस्टाचं काम जास्त मोलाचं वाटतं. १८४५ मध्ये ‘एक्लेर’ ही नौदलाची बोट पीतज्वर घेऊन केप व्हर्डेच्या या बेटावर थांबली आणि तिने आपले आजारी खलाशी बंदरासमोरच्या छोट्या किल्ल्यात उतरवले. बोट गेली आणि मग बेटावर साथ पेटली. १८४६ मध्ये मॅकविल्यमला चौकशीला पाठवलं. तो घरोघर फिरला. किल्ल्यावरचे सैनिक, खलाशांचे कपडे धुणाऱ्या बायका, शेजारीपाजारी, एकेकाला समोर बसवून विचारलं: कधी आजारी पडलात, त्याआधी कोणाकडे गेला होतात, घरात पुढचा आजारी कोण? साक्षी लिहून घेतल्या आणि ताप बोटीनेच आणला असा निष्कर्ष दिला. नौदलाच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख बर्नेट यांना तो पटला नाही. मग गिल्बर्ट किंग हा दुसरा सर्जन गेला आणि बरोबर उलटा अहवाल घेऊन आला!

आज पाहिलं तर दोघांनाही थोडं थोडं दिसत होतं. हा ताप माणसाच्या स्पर्शाने पसरत नाही, एडिस डासामुळे पसरतो. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा हाच डास. पण ताप बोटीने आला हे मॅकविल्यमचं म्हणणं टिकलं. क्यूबातला डॉक्टर फिनले याने डासाचा संशय मांडला १८८१ मध्ये, आणि रीडच्या मंडळाने (हा अमेरिकी लष्करातला डॉक्टर वॉल्टर रीड, पंखेवाला नव्हे) क्यूबात प्रयोगाने ते सिद्ध केलं १९०० मध्ये.

१८४७ पासून मॅकविल्यम लंडनच्या कस्टम्स खात्याचा वैद्यकीय अधिकारी होता. पुढे साथींचा अभ्यास करणाऱ्या एपिडेमिऑलॉजिकल सोसायटीचा सचिव झाला. ही वर्षं चरित्रकार घाईने उरकतात, पण १८५८चा उन्हाळा सोडू नका. थेम्स इतकी घाण मारत होती की पार्लमेंटच्या खिडक्यांना क्लोराइड ऑफ लाइमच्या (ब्लीचिंग पावडरच्या) द्रावणात भिजवलेले पडदे टांगले होते. आता मोठी साथ येणार असं सगळे म्हणत होते. मॅकविल्यमकडे दिवसरात्र नदीवर काम करणाऱ्या कस्टम्सच्या माणसांच्या आजारपणाच्या नोंदी होत्या, आणि त्यांत जुलाब नेहमीपेक्षा कमीच दिसत होते. टायफॉइडवर लिहिताना विल्यम बड या डॉक्टरने पुढे हाच पुरावा वापरला.

१८६२ मध्ये घरात पडल्याचं निमित्त होऊन तो गेला. त्याचं लेखन वाचायचं असेल तर बोआ व्हिस्टाच्या अहवालापासून सुरुवात करा, आणि त्यातही आधी साक्षी वाचा, निष्कर्ष नंतर. किंगचा अहवाल शेजारी ठेवलात तर आणखी मजा येईल.