बोंडअळीला सवय लागत नाही, तिची निवड आपण करतो

दिवाळीनंतर वडोदरा जिल्ह्यातल्या कर्जण, डभोई, पादरा आणि शिनोरकडून आलेले बहुतेक प्रश्न कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीचे आहेत. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न (कर्जण): पाकीट बीजी-२चं (दोन विषांच्या बीटी कपाशीचं), पक्क्या बिलावर घेतलेलं. तरी दहा बोंडं फोडली की तीन-चारांत गुलाबी अळी निघते. बियाणं बोगस, की अळीला बीटीची सवय झाली?

बियाणं बोगस असेलच असं नाही. आणि सवयही झालेली नाही. एकेक अळी जन्मभरात विषाला सरावत नाही. बीटी कपाशीत जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे झाड स्वतःच अळी मारणारं विष बनवतं. हे विष अळीच्या आतड्यातल्या ठरावीक जागी चिकटतं आणि आतडं फुटून ती मरते. काही अळ्यांच्यात ती जागाच जन्मतः वेगळी असते, विष चिकटत नाही, अळी जगते. अशा अळ्या बीटी येण्याआधीही होत्या, हजारोंमध्ये एखादी. तेव्हा त्यांना त्याचा काही फायदा नव्हता, म्हणून त्या वाढल्या नाहीत.

आपण गावंच्या गावं बीटीने भरली आणि फायदा सुरू झाला. समजा दहा हजार अळ्यांत दोन अशा होत्या. बाकीच्या मेल्या, या दोघी उरल्या आणि पुढची पिढी त्यांचीच. गुलाबी अळीची मादी शंभरावर अंडी घालते, पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते आणि एका हंगामात चार-पाच पिढ्या सहज निघतात. बाजरीची चांगली कणसं तुम्ही बियाण्यासाठी बाजूला काढता, तसं आपलं शेत दर महिन्याला सगळ्यांत चिवट अळ्या पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढत होतं. १८५९ साली डार्विनने मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. एकही अळी बदलली नाही, अळ्यांची सगळी जमात बदलली.

सालं बघा. २००२ मध्ये बीटीला परवानगी, २००६ मध्ये दोन विषांचं बीजी-२. २०१० मध्ये अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या आपल्याच गुजरातच्या जिल्ह्यांत पहिल्या विषाला न जुमानणारी गुलाबी अळी असल्याचं जाहीर झालं. २०१५च्या हंगामापर्यंत बीजी-२च्या बोंडांतही ती राजरोस सापडू लागली.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात बीटी १९९६ला, आपल्याआधी आलं. किडा तोच. पण तिथल्या शेतकऱ्यांनी बीटीशेजारी साधी कपाशी नेमाने लावली. त्या कपाशीतून साधे, विषाने मरणारे पतंग निघत राहिले. बीटीतून वाचलेला एखादा चिवट पतंग त्यांच्याशी जुळला, तर पिलांना चिवटपणा एकाच बाजूने मिळतो, दोन्ही बाजूंनी नाही, आणि अशी पिलं बीटी खाऊन मरतात. चिवटपणा पसरायला वावच राहिला नाही. २००६पासून त्यांनी वंध्य पतंगही सोडले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे पाकिटासोबत १२० ग्रॅमची साध्या कपाशीची पुडी यायची. ती कुठे गेली हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. मी बहुतेक घरांत ती माळ्यावर किंवा उकिरड्यावर पाहिली आहे. दुकानदार सांगायचा, "ती लावू नका, अळी बोलावते." पेरणी वाया घालवणारं याहून वाईट वाक्य मी ऐकलेलं नाही.

एक गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या हातातली नाही. आपल्याकडे बीटी संकरित बियाण्यात आहे, त्यामुळे बोंडातल्या सगळ्या बियांत विष सारखं नसतं. एका विषाच्या बीजी-१मध्ये चारातलं एक बी विषाशिवाय, आणि बीजी-२मध्येही काही बियांत एकच विष, सोळातल्या साधारण एकात एकही नाही. गुलाबी अळी बीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला पूर्ण डोस, अर्धा डोस आणि शून्य डोस मिळतो. अर्ध्या डोसावर अर्धवट चिवट अळी तगते. चिवटपणा पिकवायला याहून सोयीची जागा नाही.

प्रश्न (डभोई): दुकानदार म्हणतो पंपाला दुप्पट टाका, शिवाय तीन औषधं एकत्र करा, म्हणजे एकही वाचणार नाही. करू का?

नाही. दुप्पट नाही, दीडपट नाही, तिन्ही एकत्र तर मुळीच नाही.

अळी या वेळी बोंडाच्या आत आहे, फवारा बाहेर. आत शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, मग पंपाला चाळीस मिली टाका नाहीतर ऐंशी. दुप्पट डोसाने पानांवरचे मित्रकीटक आधी मरतात आणि पंधरा दिवसांत पांढरी माशी उठते. मग त्याच दुकानातून पांढऱ्या माशीचं औषध येतं. हे चक्र मी इतक्या शेतांत पाहिलं आहे की बिल बघूनच कुठली फवारणी कशामुळे आली ते सांगता येतं. आणि दुप्पट डोसातूनही जे उरतात, ते जमातीतले सगळ्यांत पक्के. पुढच्या वर्षी तेच येतील. पैसे वाचवायला अर्धा डोस मारणारे तेवढंच नुकसान करतात, कारण अर्धवट चिवट किडे त्यातून सुटतात. लेबलावर लिहिलंय तेवढंच. पुन्हा सांगतो, लेबलावर लिहिलंय तेवढंच.

दुकानदाराची दुसरी लकब म्हणजे नाव बदलून तेच औषध देणं. सायपरमेथ्रिन मारलं, काम झालं नाही, म्हणून त्याने "नवीन आलंय" म्हणत लॅम्डा-सायहॅलोथ्रिन दिलं. ते नाही चाललं म्हणून फेनव्हॅलरेट. तिन्ही एकाच, पायरेथ्रॉइड गटातली, किड्याच्या मज्जातंतूवर एकाच जागी मारणारी. एकाला दाद न देणारी अळी बहुधा तिन्हींना दाद देत नाही. तुम्हाला वाटतं औषध बदललं, अळीसाठी काहीच बदललेलं नाही. डब्यावरचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरांतलं तांत्रिक नाव वाचा. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनच्या जोडऔषधावर पुढच्याच आठवड्यात सायपरमेथ्रिन मारणारे शेतकरी डभोईतच भेटतात.

तिसरी लकब लाल त्रिकोणाची. "लाल त्रिकोण आहे, जालीम आहे." तो रंग माणसाला किती धोका आहे ते सांगतो. अळीवर किती चालेल याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. यवतमाळात २०१७ साली फवारताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, ते विसरू नका. मास्क आणि हातमोज्यांशिवाय पंप पाठीवर घेऊ नका, वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका.

आणि "या नव्या औषधापुढे अळी टिकणारच नाही" असं कोणी सांगितलं, तर एवढं लक्षात असू द्या. अमेरिकेत मेलँडर नावाच्या संशोधकाने १९१४ मध्येच दाखवलं होतं की सफरचंदावरची खवले कीड चुना-गंधकाच्या द्रावणाला जुमानत नाही. डीडीटी दुसऱ्या महायुद्धात जगभर गाजलं आणि १९४०चं दशक संपायच्या आत डीडीटीला न मरणाऱ्या घरमाश्या सापडल्या. औषध कितीही नवं असलं तरी निवड पहिल्या फवाऱ्यापासून सुरू होते.

मग फवारायचं कधी? शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडा, फोडून बघा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी असेल तरच. किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले तर. थायोडीकार्ब ७५ टक्के, दहा लिटर पाण्याला २० ग्रॅम, एकदा. पायरेथ्रॉइड गट नोव्हेंबरआधी नकोच, आणि नंतरही हंगामात एकदाच. डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा, फेकून देऊ नका.

प्रश्न (पादरा): नर्मदेच्या कालव्याचं पाणी आहे, भाव बरा आहे. कपाशी मार्चपर्यंत ठेवली तर अजून एक-दोन वेचण्या निघतील. ठेवू का?

याच उत्तरासाठी खरं तर हा सगळा लेख आहे. ठेवू नका. डिसेंबरअखेर कपाशी शेतातून बाहेर.

फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून पीक घेणारा शेतकरी शेवटच्या वेचणीत जे कमावतो, ते पुढच्या हंगामात फवारणीत घालवतो, आणि शेजाऱ्यालाही घालवायला लावतो. डिसेंबरनंतर झाडातलं विष उतरत जातं. म्हणजे पुन्हा कमी डोस, पुन्हा अर्धवट चिवट अळीची निवड, वर एक-दोन पिढ्या जादा. थंडीत बरीचशी अळी बोंडांत, जोडलेल्या दोन बियांत, पऱ्हाटीत (कपाशीच्या वाळल्या काड्यांत) सुप्तावस्थेत जाते आणि पावसाच्या तोंडावर पतंग होऊन निघते. गुलाबी अळी मुख्यतः कपाशीवरच जगते. चार-पाच महिने शेतात कपाशी नसेल, तर निघालेल्या बऱ्याचशा पतंगांना अंडी घालायला पाती-फुलं मिळत नाहीत आणि ते तसेच मरतात. फुकटात. कुठलंही दुकान हे देऊ शकत नाही, म्हणून कुठलाही दुकानदार हे सांगत नाही.

पऱ्हाटी जळणासाठी घराशेजारी रचू नका. रोटाव्हेटरने बारीक करून गाडा, नाहीतर तुकडे करून खत करा. शेळ्या-मेंढ्यांना उभ्या शेतात सोडलं, तर त्या हिरवी बोंडं खाऊन साफ करतात, ते उत्तम. आणि मे महिन्यात विहिरीच्या पाण्यावर कपाशी लावू नका. पहिल्या पतंगांसाठी ती ताट वाढून ठेवते. पाऊस पडल्यावरच पेरा. गावात एकाने फरदड ठेवली तर बाकीच्यांची मेहनत अर्ध्यावर येते. हे ग्रामसभेत बोला, एकट्याने भांडून होत नाही.

प्रश्न (शिनोर): मग हिरवी बोंडअळी बीटीवर अजून का मरते? आणि साधी कपाशी लावण्याचा आता उपयोग आहे का?

हिरवी अळी तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारी सगळं खाते. आपल्या भागात तूर भरपूर. तुरीतून साधे, विष न पाहिलेले पतंग निघत राहतात आणि चिवट पतंगांशी जुळून चिवटपणा पातळ करतात. साध्या कपाशीचं काम तुरीने आपसूक केलं. गुलाबीला तसा दुसरा आसरा नाही, म्हणून ती लवकर बदलली. त्यामुळे कपाशीभोवती तुरीच्या ओळी घ्याच. गुलाबीसाठी साधी कपाशी आता एकटी पुरणार नाही, चिवटपणा फार पसरला आहे. तरी लावा. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरिताचं दुसऱ्या पिढीचं बी पेरलं, त्यात साधारण चौथा हिस्सा झाडं बिगरबीटी निघाली, आणि गुलाबी अळीतला चिवटपणा खाली आला.

"४जी" किंवा तणनाशक सोसणारं म्हणून बिनबिलाचं पाकीट कोणी दिलं तर घेऊ नका. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

प्रश्न (सावली): कामगंध सापळ्यांना अनुदान मिळतं का?

योजना चालू असेल तेव्हा गुजरात सरकारच्या आय-खेडूत पोर्टलवर अर्ज करा. सात-बारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक सोबत. मंजुरी येण्याआधी खरेदी करू नका. अनुदानाची वाट बघत मात्र थांबू नका, कारण सापळे फुलोऱ्याच्या आधी लागले तरच उपयोगाचे. पाळतीसाठी एकरी दोन, पतंग मोठ्या प्रमाणात पकडायचे तर आठ. ल्युअर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, गुलाबीचाच मागा. दुकानात हिरव्या अळीचा ल्युअर सर्रास हातात देतात आणि मग महिनाभर सापळा रिकामा राहतो. पाकिटावरचं नाव तिथेच वाचून घ्या, आणि दोन-तीन आठवड्यांनी ल्युअर बदला.