डिफ लॉक लागत नाही? आधी डिफ उघडू नका

घाबरू नका. डिफ म्हणजे डिफरन्शियल, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा; लॉक लावलं की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. जुन्या गाडीत लॉक न लागण्याचा दोष बहुतेक वेळा डिफच्या बाहेरच सापडतो.

सगळ्यात आधी लॉक खरंच लागत नाही का, ते बघा. डॅशवरच्या दिव्यावर जाऊ नका, त्याचा सेन्सरही बिघडतो. पुढच्या चाकांना अडसर (दगड किंवा ठोकळा) लावा, मागचा अ‍ॅक्सल स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको!), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. लॉक लावून एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर लॉक लागलंय. उलट फिरलं तर नाही. लगेच नाही लागलं तर चाक थोडं मागेपुढे हलवा, आतले दात जुळावे लागतात.

नाहीच लागलं तर:
- फ्यूज, अर्थिंग, अ‍ॅक्सलजवळचा कनेक्टर. पिनांवर हिरवट थर दिसला की चोर सापडलाच समजा.
- व्हॅक्युम किंवा हवेवर चालणारं असेल तर पाइप वाकवून बघा, बारीक चिरा तेव्हाच दिसतात.
- अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे लॉक सरकवणारा भाग. वर्षानुवर्षं न वापरल्याने जाम होतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर वळत लॉक तपासणं. त्याने चांगला अ‍ॅक्सलही तुटू शकतो. फोर्क, शिम वगैरे डिफच्या आतले भाग नंतर बघू. आधी कनेक्टरचा फोटो टाका.